जुन्या टू-बीएचकेचं नूतनीकरण : आधी भिंतीच्या आतलं, मग भिंतीवरचं

ठाणे, डोंबिवली, मुलुंड, कोथरूड. १९८५ ते २००० च्या दरम्यान बांधलेल्या सोसायटीतला ६००-६५० चौरस फूट चटईक्षेत्राचा टू-बीएचके डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. भिंती विटांच्या, पाइप जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), वायरिंग पहिल्या मालकाच्या वेळचं, आणि घरातला एकही कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. अशा घरात मापानुसार, आजच्या पद्धतीचं इंटिरिअर करायचं तर पैसा आधी न दिसणाऱ्या कामांना लावावा लागतो. वॉर्डरोबचं लॅमिनेट दहा वर्षांनी बदलता येतं. फरशीखालचा पाइप गळला, तर त्या वॉर्डरोबसकट सगळं हलवावं लागतं.

घण उचलण्याआधी

सोसायटीला द्यायच्या अर्जासोबत आराखडा, कामांची यादी, कंत्राटदाराचं नाव आणि कामगारांची ओळखपत्रं जोडा. बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम, कामाच्या वेळा आणि राडारोडा कुठून, कधी न्यायचा याचे नियम ठरलेले असतात. ते लेखी घ्या. रविवारी आणि दुपारी तोडफोड चालत नसेल, तर सात दिवसांचं काम बारा दिवसांवर जातं आणि कंत्राटदार ते तुमच्या नावावर लिहितो.

दुसरं काम कुणी सांगत नाही. खालच्या मजल्यावरच्यांच्या परवानगीने त्यांच्या बाथरूमच्या आणि स्वयंपाकघराच्या छताचे फोटो काढा आणि तारखेसह त्यांनाही पाठवा. तुमचं काम सुरू झालं की त्या छतावरचा दहा वर्षांचा जुना डागही तुमचाच ठरतो.

मग इमारतीची तब्येत. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. सचिवांकडून तो अहवाल मागून घ्या. तुमच्या फ्लॅटमधल्या कोणत्या तुळईची सळई गंजली आहे, कुठल्या स्लॅबचं काँक्रीट सुटलं आहे, हे त्यात असू शकतं. ती दुरुस्ती फॉल्स सीलिंग लागण्याआधी झाली पाहिजे. छतावर सळईच्या रेषेत सरळ भेग दिसली, तर आतली सळई गंजून फुगल्याचं ते लक्षण असतं. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर वर्षभरात पोपडा पडतो.

खांब, तुळई आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही. गिलाव्यासह पाच-सहा इंच जाडीची भिंत बहुधा नुसती आडभिंत असते आणि अभियंत्याने पाहून होकार दिला तर काढता येते. नऊ इंची भिंतीबाबत मात्र सावध राहा. जुन्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या काही इमारतींत खांबच नसतात, सगळा भार त्या भिंतींवर असतो. ‘शेजाऱ्यांनी काढली म्हणून आम्हीही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण शेजाऱ्यांनी काढली असेल तर तुमच्या भिंतीवरचा भार कदाचित वाढलेला असेल.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. जुनी लादी न काढता वर रसायनाने टाइल चिकटवली, तर चौरस फुटाला साधारण अडीच किलो वाढतात. म्हणजे ४०० चौरस फुटांना एक टन. जुन्या लादीवर पुन्हा दोन इंच वाळू-सिमेंटचा थर देऊन टाइल बसवली, तर नुसता थरच चौरस फुटाला नऊ-दहा किलो, त्यावर टाइल. तेवढ्याच जागेत साडेचार टनांच्या वर. गवंड्याला ही पद्धत सोयीची वाटते, स्लॅबला नाही. ती करू देऊ नका.

माप तीन वेळा घ्यायचं

पहिलं माप तोडफोडीआधी, आराखड्यासाठी. दुसरं गिलावा आणि टाइल झाल्यावर, फर्निचरसाठी. तिसरं उपकरणांचं, आणि ते सगळ्यात आधी जमवायचं. फ्रिज, वॉशिंग मशीन, हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), चिमणी, सिंक आणि ओव्हन यांचे मॉडेल क्रमांक हातात येत नाहीत तोवर स्वयंपाकघराचं ड्रॉइंग पक्कं समजू नये. फ्रिजच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच मोकळे हवेत. वॉशिंग मशीनच्या मागे पाइपसाठी चार इंच हवेत, नाहीतर ते ओट्याच्या पुढे डोकावतं आणि सगळी रेषा बिघडते.

कोपरा गुण्यात आहे का, हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसऱ्या भिंतीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट आलं तर काटकोन. जुन्या घरांत दहा फूट लांबीत पाऊण-एक इंचाचा फरक सहज निघतो. ओळंबा सोडला तर भिंत वरपासून खालपर्यंत अर्धा इंच झुकलेलीही आढळते. गिलावा नव्याने करायचा असेल तर हे तिथेच सुधारून घ्या. करायचा नसेल तर वॉर्डरोबच्या कडेला एक-दीड इंचाची भरणपट्टी धरूनच आराखडा काढा. सुतार ती पट्टी भिंतीच्या वाकणाप्रमाणे रंध्याने तासून बसवतो आणि फट दिसत नाही. कारखान्यात बनलेलं कपाट भिंतीला अगदी चिकटून आखलं, तर बसवताना एक बाजू अडते आणि दुसरीकडे बोट जाईल एवढी फट राहते.

पाइप आणि वायर

जुने जीआय पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात. अर्धे बदलून अर्धे ठेवू नका. बदललेल्या भागात दाब नीट राहतो आणि गळती जुन्या सांध्यात सुरू होते. नवीन कामाला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप) वापरा, मुख्य ओळ पाऊण इंची आणि नळांना अर्धा इंची. गरम पाणी डावीकडे, थंड उजवीकडे. भिंत बुजवण्याआधी सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब द्या आणि काटा रात्रभर तिथेच राहतो का ते पाहा. प्लंबर ‘अर्ध्या तासात कळतं’ म्हणेल. मोठी गळती कळते, सांध्यातून झिरपणारं पाणी कळत नाही.

कमोड विकत घेण्याआधी मैल्याच्या पाइपचं केंद्र भिंतीपासून किती इंचांवर आहे ते मोजा, आणि तेही टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून. नवीन टाइल आणि रसायन मिळून पाऊण इंच खातात. जुन्या उघड्या विटेपासून मोजलं तर कमोड भिंतीला टेकत नाही किंवा बसतच नाही.

विजेचं काम आराखड्यातल्या फर्निचरवर अवलंबून असतं. पलंग कुठे आणि त्याची रुंदी किती हे ठरलं, की मगच डोक्याशी बटणं कुठे हे ठरतं. दिव्यांना १.५ चौरस मिमीची वायर, साध्या आणि १६ अँपिअरच्या सॉकेटना २.५, आणि एसी-गीझरला थेट वितरण पेटीतून वेगळी ४ चौरस मिमी. प्रत्येक एसी आणि गीझरला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). शॉकपासून बचावासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. पण एकाच आरसीसीबीवर सगळं घर टाकलं, तर गीझरमध्ये ओल गेली की फ्रिजही बंद पडतो. म्हणून निदान दोन ठेवा. नवीन आरसीसीबी विनाकारण पडत असेल तर बहुतेक वेळा दोष वायरमनचा असतो. त्याने दोन सर्किटांची न्यूट्रल एकत्र जोडलेली असते.

दीड टनाचे दोन एसी, एक गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणारं वॉशिंग मशीन यांची बेरीज १० किलोवॅटच्या आसपास जाते. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण तुमचा मंजूर भार किती, हे वीजबिलावर छापलेलं असतं. तो दोन-तीन किलोवॅट असेल तर काम सुरू असतानाच वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करा. मीटरपासून घरापर्यंतची जुनी वायरही त्याबरोबर बदलावी लागते. ही गोष्ट हमखास विसरली जाते आणि मग नव्या पेटीला तीस वर्षं जुनी वायर जोडली जाते.

उंच्या लिहून ठेवा: खोलीतले स्विचबोर्ड जमिनीपासून ४ फूट, पलंगाशेजारचे २ ते सव्वादोन फूट, ओट्यावरचे ओट्यापासून ८-१० इंच. चिमणीचं सॉकेट साधारण ७ फुटांवर, चिमणीच्या नळकांड्यामागे न येता त्याच्या बाजूला.

साडेचार इंची भिंतीत वायरच्या पाइपसाठी लांब आडवी झिरी (खाच) मारू देऊ नका. दोन खोल्यांचे स्विचचे बॉक्स पाठीला पाठ लावून मारले तर भिंतीला आरपार भोक पडतं आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं स्पष्ट ऐकू येतं. झिरी बुजवताना वर चिकन मेश (तारेची जाळी) ठोकून गिलावा करा, नाहीतर रंगानंतर पाइपच्या रेषेत केसासारखी चीर उमटते. आणि भिंती उघड्या असताना प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, मोजपट्टी चित्रात दिसेल अशी. तीन वर्षांनी टीव्हीसाठी भोक पाडताना हा फोटो कोणत्याही नकाशापेक्षा उपयोगी पडतो.

बाथरूम: इथे घाई नको

घराचं नूतनीकरण फसतं ते बहुधा इथेच, चाळीस चौरस फुटांत. जुनी टाइल आणि कोबा काढून स्लॅबपर्यंत जा. पाइप जिथे स्लॅबमधून जातात त्या भोकांभोवतीचं सैल काँक्रीट काढून आकुंचन न पावणारं ग्राउट भरा. गळती फरशीच्या मधोमध क्वचितच होते. होते ती या भोकांतून, नहाणी ट्रॅपच्या गळ्यापाशी आणि भिंत-जमिनीच्या सांध्यात. म्हणून सांध्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारून घ्या. काटकोनी कोपऱ्यात लेप आधी तडकतो.

त्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटचा जलरोधक लेप, दोन हात, एकमेकांना आडवे. पहिला हात उभा दिला तर दुसरा आडवा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती पहिल्या हातात फायबरची जाळी दाबून घ्या. लेप सगळ्या भिंतींवर निदान फूटभर चढला पाहिजे, आणि शॉवर असलेल्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत. गवंडी इथे कच खातो, कारण भिंतीवरचा लेप टाइलखाली दिसणार नसतो.

लेप पूर्ण सुकल्यावर ट्रॅपचं तोंड बंद करा आणि दारात विटांचा छोटा बांध घालून दोन-तीन इंच पाणी भरा. पातळीला पेन्सिलने रेघ मारा. ७२ तास ठेवा. उन्हाळ्यात थोडं पाणी हवेत उडतं, त्यामुळे केवळ पातळी पाहून निष्कर्ष काढू नका. खाली जाऊन छत हाताने चाचपा. खालच्या घरात बाथरूमला सीलिंग असेल तर त्यांना एक पट्टी उघडायची विनंती करा. ही परीक्षा टाइल लागल्यावर दुसऱ्यांदाही घ्यायची.

परीक्षा पास झाली की लेपावर संरक्षक थर, मग उतार. मीटरला १० मिमी, म्हणजे साधारण आठ फुटांत एक इंच. मोठ्या टाइल जमिनीवर सुंदर दिसतात, पण एकच सपाट तुकडा चार दिशांनी ट्रॅपकडे उतरू शकत नाही. म्हणून शॉवरखाली एक फुटी किंवा त्याहून लहान, न घसरणाऱ्या टाइल घ्या, किंवा भिंतीलगत लांब चॅनेल ट्रॅप घेऊन एकाच दिशेने उतार द्या. कोरड्या भागाची जमीन शॉवरच्या जमिनीपेक्षा अर्धा इंच उंच ठेवा.

उंबऱ्याचा दगड लेपानंतर बसवला तर पाणी त्याच्याखालून बाहेर सरकतं आणि पहिल्या पावसाळ्यात दाराची चौकट खालून काळी पडते. दगड आधी, त्याच्याभोवती लेप. चौकट लाकडाची न करता ग्रॅनाइटची करा. टाइलच्या सांध्यांत शॉवरच्या भागात इपॉक्सी ग्राउट वापरा. महाग आहे आणि पटकन पुसावं लागतं, पण साबणाच्या पाण्याने ते काळं पडत नाही. आणि एक शेवटची गोष्ट: लेप झाल्यावर जमिनीत कुणीही ड्रिल लावायचं नाही. काचेच्या पार्टिशनवाला सवयीने खालची पट्टी स्क्रूने बसवायला येतो. त्याला सिलिकॉनने चिकटवायला लावा.

फरशी आणि छत

व्हिट्रिफाइड टाइल पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषते, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या पाण्याला ती नीट धरत नाही. आयएस १५४७७ या भारतीय मानकाचं टाइल अॅडेसिव्ह दातेरी थापीने जमिनीवर आणि मोठ्या टाइलच्या पाठीवरही लावा, मध्ये २-३ मिमीचे स्पेसर. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टाइल नाण्याने वाजवा. ‘टक’ वाजली तर भरीव, ‘ढप’ वाजली तर पोकळ. पोकळ टाइल तेव्हाच काढायची, कपाट उभं राहिल्यावर नाही. टाइल ८ ते १० टक्के जास्त मागवा, आणि सगळ्या पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे हे उतरवून घेतानाच पाहा. शेड जुळत नाही हे बसवल्यावरच कळतं.

छताबद्दल आमचं मत थोडं जुनाट आहे: सव्वानऊ फुटांच्या खोलीत सगळीकडे फॉल्स सीलिंग कशाला? एसीचा पाइप झाकणारी कडेची पट्टी चार-पाच इंचांची करा, मधला स्लॅब उघडा ठेवा. पंख्याचा हूक नेहमी स्लॅबमध्ये, जिप्समच्या चौकटीत नाही. वरच्या घराच्या बाथरूमखाली जिप्सम लावायचंच असेल तर उघडता येणारी खिडकी ठेवा. एसीच्या निचऱ्याच्या पाइपला उतार आहे ना, हे सीलिंग बंद होण्याआधी एक बादली पाणी ओतून पाहा.

सुतारकाम

कोटेशनमध्ये ‘चांगल्या कंपनीचा प्लाय’ असं लिहिलेलं असेल तर ते कोटेशन परत पाठवा. लिहायला हवं ते असं: जाडी १८ मिमी, आयएस ७१० (मरीन प्लाय) किंवा आयएस ३०३ बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा), कंपनी आणि मालिका. स्वयंपाकघर, सिंकखाली आणि बाथरूमच्या कॅबिनेटला ७१०, बाकी कपाटांना बीडब्ल्यूआर पुरतो. माल आला की प्रत्येक शीटवरचा आयएसआय शिक्का पाहा आणि कापलेल्या कडेत थरांमध्ये पोकळी आहे का ते बघा. चार इंचांचा तुकडा आठ-दहा तास उकळा. थर सुटले तर माल परत. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) रंगवलेल्या कोरड्या नक्षीकामापुरता ठीक, पाण्याच्या आसपास तो बिस्किटासारखा फुगतो.

सहा फूट रुंद, सात फूट उंच आणि दोन फूट खोल वॉर्डरोबचा प्लाय किती लागतो, ते एकदा स्वतः मोजा. तीन-तीन फुटांची दोन खोकी धरू. उभ्या फळ्या चार, प्रत्येकी ७ बाय २. आठ बाय चारच्या एका शीटमधून दोन निघतात, म्हणजे २ शीट. वर-खालच्या चार आणि मधल्या सहा, अशा दहा आडव्या फळ्या साधारण ३ बाय २ च्या. एका शीटमधून पाच निघतात, म्हणजे २ शीट. दीड फूट रुंदीची चार दारं, एका शीटमधून दोन, म्हणजे आणखी २. एकूण १८ मिमीच्या ६ शीट, आणि पाठीला ६ मिमीच्या २. दारांच्या शीटमधून फूटभर रुंदीच्या ज्या पट्ट्या उरतात त्यांत ड्रॉवर होतात. बाहेरचं १ मिमी लॅमिनेट २ शीट, आतलं ०.८ मिमीचं लायनर ८ शीट. याच कपाटाला कुणी दहा शीट प्लाय लावत असेल, तर उरलेला प्लाय कुठे जातो हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दाराला लॅमिनेट दोन्ही बाजूंना लागलंच पाहिजे. बाहेर लॅमिनेट आणि आत नुसता रंग, असं केलं तर एका बाजूने ओल शोषली जाते आणि दार धनुष्यासारखं वाकतं. सात फुटी दाराला बिजागऱ्या किमान चार, त्याहून उंच दाराला पाच. दाराची रुंदी वीस इंचांच्या पुढे नेऊ नका, काही महिन्यांत कोपरा खाली झुकतो. छतापर्यंत एकच अखंड दार हवं असेल, तर आठ बाय चारची शीट जिन्याच्या वळणावरून वर येते का, हे आधी पाहा. जुन्या लिफ्टमध्ये ती मावत नाही, आणि १८ मिमीच्या एका शीटचं वजन ३०-३५ किलो असतं.

कपाटाच्या आतली खोली, दार सोडून, २२ इंच हवी, नाहीतर हँगर दाराला घासतात. शर्टांना ४० इंच उंची, लांब कुर्त्यांना ५४. घडी घालून टांगलेल्या साड्यांना ३० पुरते. पण पैठणी आणि जरीच्या साड्या टांगायच्या नसतात, जरीच्या वजनाने रेशीम ताणतं. त्यांच्यासाठी उथळ, रुंद ड्रॉवर आखा, मलमलीत गुंडाळून आडव्या मावतील असा. तयार मॉड्युलर कपाटांत हा ड्रॉवर नसतो. मापाने बनवण्याचा खरा फायदा इथे दिसतो.

कारखान्यातलं काम की घरी सुतार? कडांची पट्टी यंत्राने गरम गोंदावर लागते तेव्हा ती सुटत नाही, हाताने लावलेली कधी ना कधी सुटते. म्हणून ट्रॉल्यांची खोकी आणि वॉर्डरोब कारखान्यातून, आणि वाकड्या भिंतीला जुळवून घ्यायची पॅनेलं, देवघर, खिडकीतली बैठक सुताराकडून. फ्लूटेड पॅनेल सध्या सगळ्यांना हवं असतं. रस्त्याकडेच्या घरात त्याच्या प्रत्येक खाचेत धूळ बसते, एवढं लक्षात घेऊन एकाच भिंतीवर लावा. मॅट गडद रंगावर तेलकट बोटं उठून दिसतात. स्वयंपाकघरात डाग न धरणारा प्रकार घ्या किंवा फिका रंग.

ओटा

उंचीचं सूत्र असं: रोज स्वयंपाक करणाऱ्याने सरळ उभं राहून कोपर वाकवावं, आणि ओटा कोपराच्या ४-५ इंच खाली असावा. पाच फूट दोन इंच उंचीला हे ३४ इंचांच्या आसपास येतं. पण पोळ्या लाटताना वरून जोर लावावा लागतो आणि पोळपाटाची उंचीही मोजायची असते, म्हणून लाटायच्या जागी दोन इंच खाली घेतलेला तुकडा कंबर-खांद्यांना सुखाचा पडतो. शेगडी ओट्यावर ठेवणार असाल तर ती आणखी पाच-सहा इंच उंची खाते आणि मोठ्या कुकरमध्ये डोकावताना टाचा उंचवाव्या लागतात.

ट्रॉल्यांची उंची कॅटलॉगमधून निवडू नका. घरातलं सगळ्यात मोठं ताट, सगळ्यात उंच डबा, कुकर, भाकरीचा तवा आणि पुरणयंत्र टेबलावर मांडा आणि मोजा. जाळ्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत का, हे दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो. त्यातून काही सिद्ध होत नाही, कारण स्वस्त २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ३०४ लिहून घ्या, किंवा ग्रेड ओळखणारं रसायन लावून दाखवायला सांगा. खालच्या खोक्यांना चार इंचांचे पीव्हीसी पाय द्या आणि पुढची पट्टी क्लिपने काढता येईल अशी. ओटा धुताना पाणी जमिनीवर येणारच.

पाइप गॅसची ओळ कुणाही प्लंबरकडून हलवून घेऊ नका. ते काम गॅस कंपनीचंच. पाइप भिंतीत गाडायचा नाही, झडप आणि मीटर हाताशी राहिले पाहिजेत, आणि ज्या कपाटातून पाइप जातो त्याला वर-खाली हवेची छिद्रं ठेवा.

रंग, वेळ आणि पैसे

रंगाबद्दल थोडक्यात: ओल असेल तर ती आधी बाहेरून बंद करा, आतून पॅनेल लावून लपवू नका, मागे बुरशी धरते. सुतारकाम संपेपर्यंत लांबी, प्रायमर आणि पहिला हात, शेवटचा हात सगळं सामान बसल्यावर. पावसाळ्यात व्हिनिअरच्या (लाकडाच्या पातळ पापुद्र्याच्या) पॉलिशवर पांढरट धुकं येतं, ते काम ऑक्टोबरनंतर धरा.

सगळ्याला मिळून ७५ ते १०० दिवस लागतात. त्यात सुतारकामच ३०-३५ दिवस खातं. गणपतीपर्यंत घर हवं असेल तर एप्रिलमध्ये सुरुवात करा, पण होळीला गावी गेलेले कारागीर परतल्याची खात्री करून. दिवाळीची तारीख कुणीही दिली तरी ती पाळली जाणार की नाही हे दसऱ्यालाच कळेल असं समजा.

पैसे तारखेप्रमाणे देऊ नका, टप्प्याप्रमाणे द्या: तोडफोड पूर्ण, दाबपरीक्षा पास, ७२ तासांचं पाणी पास, टाइल, खोकी उभी, दारं आणि रंग. शेवटचे ५ ते १० टक्के ताबा घेतल्यानंतर महिनाभर हातात ठेवा. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी विचारा. ‘बिल नको असेल तर कमी होईल’ हे उत्तर आलं, तर पुढे प्लायच्या ग्रेडवरून भांडायला तुमच्याकडे कागद उरत नाही.

ताबा घेताना दिवस उजेडाचा निवडा. प्रत्येक दार आणि ड्रॉवर दहा वेळा उघडा-मिटा. सगळे नळ एकदम सोडा आणि सिंकखाली कोरडा टिश्यू ठेवा, थेंब पडला तर लगेच दिसतो. प्रत्येक आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. दोन्ही एसी आणि गीझर एकत्र चालू करून अर्ध्या तासाने वितरण पेटी कुठे तापते आहे का ते पाहा. मग माळ्यावर एक पेटी ठेवा: प्रत्येक टाइलचे चार-सहा नग, लॅमिनेटचे तुकडे, मागच्या बाजूला क्रमांक लिहून, रंगाचे शेड नंबर, भिंतींचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह, आणि सोसायटीच्या अनामत रकमेची पावती. राडारोडा उचलल्याचं सचिवांकडून लेखी घेतल्याशिवाय ती रक्कम परत मिळत नाही.